कोणालेच माहीत नसलेला पासवर्ड

ये वो माय, अशी जवळ बस. मी इथी कागदावर लिहून राह्यली आणि तू तिकडं पुण्यात वाचून राह्यली, हे मले समजते. तरी खुर्ची ओढ आणि माह्या बाजूले बसली आहे असं समजून ऐक. आधी मले तुले थोडं रागवाचं आहे. परवा तू विजेच्या बिलासाठी तुह्या खात्याचा पासवर्ड मले फोनवर सांगितला. तोही बस स्टँडवर उभी राहून, मोठमोठ्यानं. "मावशी, लिहून घे," म्हणे. अवं, बाजूले कोण उभं होतं ते तरी पाह्यलं का? तू कम्प्युटरच्या कंपनीत काम करते, आणि असं करते?

तू हसशील. मावशीले सगळ्यांवर संशय येते म्हणशील. येते, मी कुठी नाई म्हणते? दूधवाला माप भरते तेव्हा मी दुधाकडं नाई, त्याच्या अंगठ्याकडं पाहते. पण पासवर्ड नावाच्या गोष्टीवर मले संशय कसा येऊ लागला, आणि त्याच्यापायी एका पोरीचं नाव खराब होता होता कसं राह्यलं, हे तुले कोणी सांगितलं नाई. तुही आई सांगणार नाई, तिले त्यातलं अर्धंच माहीत आहे.

इथी चंद्रपुरात, वीज केंद्राकडं जाणाऱ्या ऊर्जानगरच्या रस्त्यावर गॅसची एजन्सी होती. तिथी मी काउंटरवर बसत होती. नव्वदच्या सालांत लागली, आणि बरीच वर्षं राह्यली. माही शाळा सातवीतच सुटली होती. इंग्रजी अक्षरं मी ग्राहकांच्या गॅसकार्डांवरून शिकली. ज्याचं नाव वाचता येत नव्हतं, त्यालेच विचारत होती, "भाऊ, तुमचं नाव कसं म्हणाचं?" आणि तो म्हणे ते अक्षर डोक्यात ठेवत होती. धूळ अशी की टेबल पुसावं आणि चहा येईपर्यंत ते परत काळं. कोळसा आणि राख तिथल्या हवेतच आहे, त्याचं कोणाले काही वाटत नाई.

त्या काळी सिलिंडर नोंदवला की नंबर लागत होता, आणि नंबर येईपर्यंत बायका काउंटरवर चकरा मारत होत्या. पहिले सगळं हातानं होतं. मंग कम्प्युटर आला, आणि कम्प्युटरवर बसाले एक पोरगी आली. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरची. आश्रमशाळेत शिकली, मंग चंद्रपुरात भाड्याची खोली घेऊन तिनं कोर्स केला. तिच्या गावातून अशा खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. ही नोकरी तिच्या आश्रमशाळेच्या मास्तरनंच मालकाले सांगून लावून दिली होती. गावाकडून आली की माह्यासाठी चारोळी आणत होती, आणि मले "बाई" म्हणत होती.

आता ते काम कसं होतं ते ऐक, नाई तर पुढचं समजणार नाई. रोज सकाळी, आमचं शटर उघडाच्या आधी, कम्प्युटर स्वतःच डेपोले फोन लावत होता आणि आदल्या दिवशीची नोंदणी त्यांच्याकडं पाठवत होता. त्याच्यावरून डेपो ट्रक भरून पाठवत होता. खुर्चीवर कोणीच नाई, दुकान बंद, आणि काम होऊन राह्यलं. डेपोच्या कम्प्युटरमधी शिराले पासवर्ड लागत होता. माणूस असता तर पासवर्ड डोक्यात ठेवला असता. मशीन कुठी ठेवणार? म्हणून तो एका फाइलमधी लिहून ठेवला होता. साधा, उघडा. त्या पासवर्डानं कोणत्याही कम्प्युटरवरून डेपोत शिरता येत होतं आणि कोणाचाही नंबर वर सरकवता येत होता.

आणि सरकू लागले ना नंबर. क्वार्टरमधल्या एका मास्तरीणबाईचा नंबर आधीचा, आणि सिलिंडर मिळाला दुसऱ्यालेच. असं एकदा नाई, घडीघडी होऊ लागलं. रांगेतल्या बायका मले ऐकवू लागल्या.

"काय वो बाई, तुमच्या कम्प्युटरले पण चहापाणी लागते का?"

"लागत असंल," मी म्हटलं, "पण मले नाई देत त्यातलं."

मालक चिडला. त्यानं सगळ्यांसमोर त्या पोरीले विचारलं, "का वो, पासवर्ड कोणाले दिला तू?"

"कोणालेच नाई, भाऊ. द्याची गरज काय? फाइल उघडली की समोरच दिसते. तुमच्या जुन्या मोपेडचा नंबर आहे."

मागं आमचा डिलिव्हरीचा ड्रायव्हर उभा होता. तो म्हणाला, "हो मालक, मले त मोपेड विकली तेव्हापासून पाठ आहे."

सगळे हसले. मालक नाई हसला. ती पोरगीही नाई हसली. मी तिच्याकडं पाहून राह्यली होती. हसण्यावारी गेलं तरी लोक शेवटी खुर्चीवर कोण बसते तेच पाहतात, हे तिले समजलं होतं.

मंग एजन्सीत नवीन कम्प्युटर आला. तो बसवाले नागपूरहून इंजिनियर आला. ही पोरगी त्याच्या बाजूले उभी होती, आणि तिनं त्याले असं विचारलं की तो स्क्रू ड्रायव्हर हातात धरून थांबलाच.

"सर, हा पासवर्ड असा कुठी ठेवता येते का, की मशीनले मिळंल पण मले वाचता येणार नाई?"

"तुमालेच वाचता येऊ नये?" तो म्हणाला. "लोक मले उलटं विचारतात."

"मलेच. जे मले माहीत नाई ते माह्यावर येणार नाई."

तो म्हणाला, जागा आहे. या नव्या मशीनच्या बोर्डावर एक चिप आहे, त्याच कामाची. मशीनसोबत फुकट येते, पण वापरत कोणी नाई. बोर्डावर काळा, नखाएवढा चौकोन, दोन्हीकडं बारीक पाय. त्यानं मशीनलेच एक लांबलचक पासवर्ड बनवाले लावला, डेपोत तोच लावून घेतला, आणि चिपच्या ताब्यात बंद करून टाकला. फक्त सकाळचं काम मागंल तेव्हाच चिप तो सोडणार.

मी काउंटर सोडून आत गेली. अशा वेळी मले बसवत नाई.

"तुमाले तरी माहीत आहे का तो?" मी इंजिनियरले विचारलं.

"नाई बाई. मशीननं बनवला, मी पाह्यला नाई."

"डेपोवाल्याले?"

"तिथी फक्त जुळते का नाई एवढंच तपासते."

"मंग माहीत कोणाले आहे?"

"कोणालेच नाई."

"आणि कोणी तो चौकोन उपटून नेला त?"

"न्या की. दुसऱ्या मशीनमधी तो तोंडच उघडत नाई. अगदीच खोल पाण्यातला माणूस असंल तर गोष्ट वेगळी, पण फाइल उघडून वाचाचे दिवस गेले."

मले ते पटलं नाई. कुलूप आहे, चावी आहे, पण चावी कोणाच्याच हातात नाई, असं घर मी पाह्यलं नव्हतं. तो इंजिनियर गोरागोमटा, गोड बोलणारा. त्याच्या बॅगेकडं मी जाताना नीट पाह्यलं. बॅगेत काही नव्हतं, वायरीच होत्या. तरी.

पण एक मात्र झालं. नंबर सरकणं बंद झालं. आणि अजून एक झालं, जे माह्याशिवाय कोणी पाह्यलं नाई. मालकाचा साळा होता, त्याचा चौकात धाबा. धाब्यावर हॉटेलचे नाई, घरगुतीच सिलिंडर दिसत होते. हा माणूस रोज आमच्याकडं येऊन त्या पोरीच्या खुर्चीमागं उभा राहून चहा पीत होता. चिप बसली, आणि त्याले आमचा चहा आवडेनासा झाला. मी कोणाले बोलली नाई. नुसत्या चहावरून कोणाले काय सांगणार?

मंग दसरा आला. तुमच्या पुण्यातल्या ऑफिसात करतात का नाई माहीत नाई, पण आमच्याकडं दसऱ्याले कामाची सगळी अवजारं पुजतात. सिलिंडर तोलाचा काटा, तीनचाकी, पाने, आणि कम्प्युटरही. मालक तर पूजेच्या आधी कम्प्युटरचा डब्बा उघडून आतली कोळशाची धूळ ब्लोअरनं उडवत होता, जशी तीनचाकीच्या इंजिनातली उडवते. ती पोरगी त्या वेळी गावाले गेली होती. तिच्याकडं नव्या धानाचा सण असते, पंडुम म्हणतात ते. देवाले दाखवल्याशिवाय नवा भात खात नाईत. मी बाहेर तीनचाकीले झेंडूचे हार बांधत होती. मालक नारळ फोडत होता. मालकाची म्हातारी आई, तिले आम्ही सगळे आजी म्हणत होतो, ती पूजेचं ताट घेऊन आत गेली आणि बाहेर आली. मालकानं आत जाऊन घाईघाईत डब्बा बंद केला. पेढे वाटले, घरी गेलो.

सुट्टी संपवून आलो त मशीन सुरू, स्क्रीन सुरू, सगळं सुरू. फक्त सकाळचं काम झालं नाई. त्या पोरीनं स्क्रीन वाचली आणि म्हणाली, "चिप सापडत नाई म्हणते."

नोंदणी गेली नाई म्हणून ट्रक आला नाई. दुसऱ्या दिवशीही तेच. रिकामे सिलिंडर आपटत लोक दारात. कोणाकडं बारसं, कोणाच्या घरी पाहुणे. आणि मालक त्या पोरीवर.

"सगळी मशीन चालते, मंग पासवर्डच काऊन चालत नाई? हे एकच काम तुह्या म्हणण्यावरून केलं. आणि नेमकी दसऱ्याले तू गायब."

"गायब नाई, भाऊ. तुमाले सांगून गेली होती."

"तू पासवर्ड बदलला. मले अडवून पाहून राह्यली."

"मी कशाले अडवू?"

"ते पोलीस विचारतील. उद्यापर्यंत पासवर्ड आणून दे, नाई त मी ठाण्यात जातो. तुह्या मास्तरले मी आत्ताच फोन केला आहे, कशी पोरगी पाठवली म्हणून."

पोलिसाचं ऐकून ती उभीच होती. मास्तरचं ऐकलं आणि खाली बसली. मास्तरले समजलं म्हणजे गावाले समजलं. जिच्याकडं पाहून बाकीच्या मायबापांनी पोरी शाळेत टाकल्या, तीच चोर निघाली, असं होणार होतं. मले म्हणाली, "बाई, जे मले माहीतच नाई, ते मी कुठून आणू?"

त्या दिवशी माह्या डोक्यात आलं. पासवर्ड सगळ्यांले माहीत होता तेव्हा संशय सगळ्यांवर वाटून जात होता, प्रत्येकाच्या वाट्याले थोडा थोडा. आता कोणालेच माहीत नव्हता, त सगळाच्या सगळा एकटीवर आला. आणि मी? मी त्या इंजिनियरवर संशय घेतला, त्या साळ्यावर घेतला, मालकावरही घेतला. चिपवर त पहिलेच होता.

ती पोरगी उठली आणि मालकाले म्हणाली, "डब्बा सगळ्यांसमोर उघडा. मी हात लावणार नाई. बाहेरचा माणूस बोलवा."

चंद्रपुरात एक मिस्त्री होता, मुसलमान घरचा. बाप रेडिओ दुरुस्त करे, हा कम्प्युटर. त्याले बोलावलं. मालक म्हणाला, साक्षीले माह्या घरचं माणूस पाह्यजे, आणि आजीले घेऊन आला. आजी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, जसं घरी कोणी नाटक करून दाखवणार आहे. मी मिस्त्रीच्या हातावरून डोळा काढला नाई. न जाणो, या पोरीनंच बाहेरचा माणूस मागितला, दोघं मिळालेले असले त?

मिस्त्रीनं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि तसाच वाकून राह्यला.

"भाऊ, हे काय आहे?"

"काय आहे?"

"इथी त पूरी पूजा झाली आहे. हळद आहे, कुंकू आहे. ये देखो, तांदूळ पण."

आम्ही सगळे वाकलो. बोर्डाच्या मधात, त्या काळ्या चौकोनावर हळदीकुंकवाचा जाड थर. ओला लावलेला, मंग वाळून कडक झालेला, बारीक पायांच्या मधात उतरलेला. वर दोन-तीन अक्षता चिकटलेल्या.

आजी खुर्चीवरून म्हणाली, "असंलच ना. मीच लावलं."

"आई!" मालक ओरडला.

"ओरडू नको. तूच त घरी येऊन सांगितलं होतं बापा, आई, आता एजन्सीचा जीव एका काळ्या चौकोनात आहे. एवढाच एक काळा चौकोन मले दिसला. मंग जीव आत असताना बाहेरच्या पत्र्याले कुंकू लावून काय फायदा? चांगलं पाणी घालून कालवलं, पडू नये म्हणून."

मिस्त्री खाली मान घालून हसू दाबून राह्यला होता. त्यानं बारीक ब्रश काढला, स्पिरिट काढलं, आणि एकेक पाय पुसला. मंग बोर्ड टेबलफॅनसमोर ठेवून चहा प्याला. दुपारनंतर मशीन जोडली, सुरू केली, आणि म्हणाला, "मिल गई. चिप दिसून राह्यली."

तुले वाटंल, झालं. मालकाचं नाई झालं. त्याले आता स्वतःच्या आईपुढं शरमल्यासारखं झालं होतं, आणि शरमलेला माणूस जास्त वाकडा वागते. तो म्हणाला, "चिप दिसते, ठीक आहे. पण आतला पासवर्ड पहिलेचाच आहे कशावरून? चिप बंद होती तवा डेपोत कोणी बदलला असंल त?"

पोरगी म्हणाली, "उद्या सकाळी पाहा. मी बदलला असंल त डेपो आत घेणार नाई. तोच असंल त घेईल. आणि आत्ताच कुलूप लावा, चावी तुमच्याकडं ठेवा. मधात मी काही केलं असं नको."

मालकानं शटर ओढलं, कुलूप लावलं, चावी खिशात टाकाले गेला. माह्यानं राहवलं नाई. मी म्हटलं, "आजी, चावी तुमच्याकडं राहू द्या."

मालक माह्याकडं पाहूनच राह्यला. "माह्यावर संशय घेता का बाई?"

"घेते," मी म्हटलं. "तिच्यावर घेता येते त तुमच्यावर काऊन नाई?"

आजीनं हात पुढं केला, चावी घेतली आणि कमरेले खोचली.

सकाळी वेळेच्या आधीच आम्ही सगळे शटरपुढं जमलो, आजीच्या चावीनं कुलूप उघडून आत गेलो. मालक, आजी, ड्रायव्हर, मी, ती पोरगी. ती मुद्दाम मशीनपासून लांब, सिलिंडरच्या काट्याजवळ उभी राह्यली, हात मागं बांधून. वेळ झाली तसा मोडेमनं, म्हणजे फोन लावणाऱ्या डब्बीनं, आवाज काढला, तो किर्रर्र, मंग शिट्टीसारखा, मंग चूप. मले कधी त्या आवाजाचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी तो शेवटपर्यंत कान देऊन ऐकला. स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या. मी अक्षरं जुळवून वाचून राह्यली होती, माह्याआधी ड्रायव्हरनंच वाचलं. "गेलं! घेतलं डेपोनं!"

म्हणजे तोच पासवर्ड. कोणी बदलला नव्हता, कोणी हात लावला नव्हता. कुंकवाशिवाय.

मालक त्या पोरीकडं न पाहता बाहेर गेला आणि रांगेले म्हणाला, "मशीन बिघडली होती. ट्रक येते दुपारी."

रांगेतली एक बाई म्हणाली, "मशीन बिघडली होती, का मशीनवरची?" दोघीतिघी हसल्या. काल मालक इतका ओरडला होता की रस्त्यावर ऐकू गेलं होतं.

आजी काउंटरपर्यंत गेली. तिची उंची एवढीशी, काउंटरवरून फक्त डोकं दिसत होतं. "माह्या हातानं बिघडली," ती म्हणाली. "पूजा करताना मी कुंकू नको तिथी लावलं. ज्याले हसाचं आहे त्यानं मले हसा. या पोरीनं काही केलं नाई." रांगेतल्याच एका बाईनं आजीले स्टूल आणून दिला.

मालक आत आला. पोरीले म्हणाला, "राग नको धरू."

"राग नाई, भाऊ," ती म्हणाली. "पण मास्तरले तुम्ही फोन केला होता. परत करा. माह्यासमोर."

"करतो ना, दुपारी करतो."

"आत्ता."

आणि केला त्यानं. मी कानानं ऐकलं. पहिले इकडच्या तिकडच्या गोष्टी, पाऊसपाणी, धान कसं आहे. ती टेबलापासून हलली नाई. मंग एकदाचं त्याच्या तोंडून निघालं, "मास्तर, कालचं ते माह्या गैरसमजानं झालं. पोरीनं काही केलं नाई, पोरगी चांगली आहे." तिकडून मास्तर काय बोलला ते ऐकू आलं नाई. पण मालकाचे कान लाल झाले, हे मी पाह्यलं. फोन ठेवल्यावर ती खुर्चीवर बसली आणि थांबलेली नोंदणी भरू लागली.

नंतर एक दिवस डब्बा खाताना मी तिले त्या साळ्याच्या चहाची गोष्ट सांगितली. म्हटलं, नंबर सरकवणारा तोच, माही खात्री आहे. ती घास तसाच ठेवून म्हणाली, "बाई, तुमी त्याले करताना पाह्यलं का?" मी म्हटलं, पाह्यलं नाई, पण. ती म्हणाली, "मले पण कोणी पाह्यलं नव्हतं." मंग मी ती गोष्ट कोणाले सांगितली नाई. तुलेच पहिल्यांदा सांगून राह्यली. संशय गेला का म्हणशील, त नाई गेला. धाब्यावरून रिक्षा गेली की मी आजही त्याच्या सिलिंडरांकडं पाहते.

ती पोरगी आणखी बरीच वर्षं तिथी राह्यली, मंग चामोर्शीले लग्न होऊन गेली. आता बाजाराच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं कम्प्युटरचं दुकान आहे. गावाकडच्या पोरी तिथी शिकाले येतात. चंद्रपुरात सामान घ्याले आली की माह्याकडं जेवून जाते, आणि आजीचा विषय निघाला की दोघी हसतो. पण मास्तरले केलेल्या त्या फोनचा विषय निघाला की ती अजूनही हसत नाई.

आता हे सगळं मी माह्या बाजूनं सांगितलं. माह्या बोलण्यावर तू आंधळा विश्वास ठेवावा असं मले वाटत नाई. तिची बाजू तिच्याच तोंडून ऐक. पुढच्या महिन्यात ती माह्याकडं दोन दिवस राहाले येणार आहे. तवा तू पण ये. तुही नोकरी नोकरी ऐकून कान किटले, सुट्टी काढ. चारोळीची खीर करीन, अंगणात खाट टाकीन. लवकर ये वो माय, वाट पाहते.